दसऱ्याच्या दिवशीचा तो ‘हो’

सरकीच्या तेलगिरणीचे व्यवस्थापक देशकर साहेब यांनी त्यांच्याच गिरणीतला संगणक सांभाळणारा माणूस, मेश्राम, याला फसवलं. त्या कामाला त्यांनी माझे हात वापरले, म्हणजे मलाही फसवलं. मेश्रामने कोणालाही फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो. संपादकांनी सांगितलंय, दिवाळी अंक आहे, धंद्यातल्या गमतीजमती येऊ द्या. गमती येतील. पण मी गमती सांगायला लागलो की लोक हसतात, चहा मागवतात, आणि मुद्दा तिथेच राहतो. असं फार वर्षं चाललंय.

माझा धंदा संगणकात प्रोग्राम बसवून देण्याचा. सुरुवात नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत झाली. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी मी पुन्हा बांधून द्यायचो. तिथून नागपूर, रेडिओ, मग आकडेमोडीची यंत्रं, आणि ऐंशी सालानंतर सीताबर्डीत एका कापड दुकानाच्या वरची खोली घेऊन संगणक. शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी गिऱ्हाइकांशी भांडून शिकलो. भाव करण्यात मला हरवलेला माणूस मी अजून शोधतोय.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावा म्हणून एक गोष्ट सांगतो. आज तुमच्या संगणकात नवीन काही घालायला गेलं की पडदा जरा अंधारतो आणि मधोमध एक प्रश्न येतो: या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? माझी सून तो प्रश्न वाचत नाही. भाजी निवडता निवडता ‘हो’ दाबते. मी म्हणतो, “अवं, वाच तरी काय विचारून राहिला तो.” ती म्हणते, “बाबा, रोजच विचारतो.” तिचंही बरोबर आहे. पण आमच्या वेळी तो प्रश्न पडद्यावर थांबत नसे, तो दुसऱ्या माणसाकडे जाई. मोठं यंत्र एका थंड काचेच्या खोलीत असायचं. बाहेरच्या टेबलांवर त्याला जोडलेले पडदे आणि कळफलक. बाहेरच्याला काम करता यायचं, पण यंत्रात नवीन काही बसवायचं असेल तर आतल्या मुख्य कळफलकावर बसलेल्या प्रशासकाने होकार टाइप करावा लागे. तोपर्यंत माझ्या पडद्यावर ‘परवानगीची वाट पाहत आहे’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ उभी राहायची, आणि तिच्या शेवटी एक हिरवा चौकोन उघडझाप करायचा. माझं निम्मं आयुष्य त्या चौकोनाकडे बघण्यात गेलं. बाकीचं निम्मं, होकार देणाऱ्या माणसाला शोधण्यात.

तो माणूस म्हणजे एकेक नग. एका कारखान्याचे अध्यक्ष परवानगीचा गुप्त शब्द स्वतःजवळ ठेवायचे आणि फोनवर एकेक अक्षर सांगायचे. “स, संत्र्याचा. ल, लुगड्याचा.” मी म्हणायचो, साहेब, कळफलक इंग्रजी आहे. ते म्हणायचे, “मग तुझं तू पाहून घे.” इतवारीत एका धान्याच्या व्यापाऱ्याने प्रशासक म्हणून स्वतःच्या वडिलांचं नाव घातलं होतं. वडील वारलेले. नवीन काही बसवायचं असलं की तो उदबत्ती लावायचा, हात जोडायचा आणि बाबूजींच्या नावाने होकार टाइप करायचा. एकदा होकार लागेना. अक्षरं चुकत असतील म्हणून मी पुढे सरकलो, तर त्याने माझा हात धरला. “राहू द्या. बाबूजी नाही म्हणून राहिले.” तो प्रोग्राम त्याने घेतलाच नाही. मी त्याच्यावर इतका ओरडलो की खालचे हमाल वर बघायला लागले. घरी जाताना मात्र मान सारखी मागे वळत होती. कशाला, ते माहीत नाही.

या सगळ्यांत सरळ माणूस एकच, मेश्राम. उमरेड रस्त्याला, हुडकेश्वरच्याही पुढे शेतंच होती तेव्हा, तिथे ही गिरणी. मेश्राम उंच, हाडकुळा, पांढरा शर्ट इस्त्रीचा. थंड खोलीत धूळ चालत नाही म्हणून सगळ्यांनी पादत्राणं काचेच्या दाराबाहेर काढायची, हा त्याचा नियम. साहेबांनाही काढायला लावायचा. त्यामुळे आत कोण आहे हे दाराबाहेरच कळायचं. चपला आहेत तर माणूस आहे.

त्याची दुसरी सवय म्हणजे परवानगी मागितली की तो आधी एक शब्द पाठवायचा. काचेपलीकडे पाच हातांवर बसलेला असायचा, मान वर केली तरी मला दिसला असता, पण नाही, तो टाइप करायचा आणि माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटायचं: काहून? म्हणजे, कशासाठी?

मी कारण टाइप करायचो. तो पुन्हा: काहून? मी तिथूनच ओरडायचो, “अबे, सांगितलं ना एकदा!” तो आतून हसायचा. काचेमुळे आवाज यायचा नाही, नुसते दात दिसायचे. मग लिहायचा: बरं, करा. ‘हो’ असं त्याने कधीच लिहिलं नाही. नेहमी ‘बरं, करा.’

मी त्याच्याशीही भाव करायचो. “अर्धी परवानगी दे ना गा, मेश्राम. आज बसवतो, कारण उद्या सांगतो.”

“मधुभाऊ, परवानगी काय संत्रं आहे का, अर्धी सोलून द्यायले?”

आता मुद्दा. गिरणीत सरकीचे ट्रक यायचे आणि काट्यावर वजन व्हायचं. देशकर साहेबांना काट्याला जोडलेला एक नवा प्रोग्राम हवा होता. तो प्रत्येक वजनातून ओलाव्यापोटी घट कापायचा. घट कापणं नवीन नव्हतं. पण आतापर्यंत ती माल आणणाऱ्यासमोर बोलून ठरायची. हा प्रोग्राम ती गुपचूप आधीच कापणार होता आणि उरलेलं वजनच खरं म्हणून दाखवणार होता. मी प्रोग्राम घेऊन गेलो तेव्हा मला यातलं ठाऊक नव्हतं. बंद डबा आणून बसवून देणारा मी. मेश्रामला ठाऊक होतं, कारण तो प्रत्येक प्रोग्राम आधी वाचायचा. त्याने साहेबांना तोंडावर विचारलं, “काहून?” साहेबांनी विषय बदलला. मेश्राम म्हणाला, “मग मी नाही देत.” साहेब हसले आणि म्हणाले, “बरं, राहू दे.” माणूस इतक्या सहज हसला की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दसऱ्याला सकाळी साहेबांचा दुकानाखालच्या फोनवर निरोप. मुहूर्त आहे, यंत्राची पूजा आहे, आजच बसवून टाका. मी गेलो आणि सांगितलं, “साहेब, आज मी हत्याराले हात लावत नाही. माझा पेचकससुद्धा देवापुढे आहे.”

“फ्लॉपी काही हत्यार नाही, मधुकरराव.”

“आणि मेश्राम? दसऱ्याला तो कधी येतो का? तो दीक्षाभूमीवर राहते.” हे सगळ्या गिरणीला माहीत होतं. दरवर्षी त्या दिवशी मेश्राम तिथे बाहेरगावच्या लोकांना पाणी वाटायचा.

“परवानगीचं बोलणं झालंय,” साहेब म्हणाले.

मला वाटलं, मेश्राम वळला असेल, किंवा थोड्या वेळासाठी येणार असेल. मी बसलो.

गिरणी बंद होती. एरवी तिथे इतका आवाज असायचा की ओरडून बोलावं लागे. त्या दिवशी फक्त काचेआडच्या यंत्राची घरघर. ऑक्टोबरचं ऊन अंगणात पांढरं पडलं होतं, आणि मी बसलो होतो तिथे काचेच्या फटीतून थंड हवा पायांवर येत होती. दाराला कुलूप होतं. कुलपावर झेंडूची माळ आणि आपट्याची पानं. पूजा दाराचीच केलेली, कारण किल्ली मेश्रामकडे. आतली खोली काचेतून पूर्ण दिसत होती. त्याची खुर्ची रिकामी. आदल्या दिवशी जाताना त्याने कळफलकावर नेहमीचं पांढरं फडकं घातलं होतं, ते तसंच सपाट पडलेलं.

दाराबाहेर मात्र बुटांचा एक जोड होता. तपकिरी, नाडीचे, जरा वापरलेले, नीट जुळवून ठेवलेले. साहेब पूजेमुळे अनवाणी होते, म्हणून मी ते त्यांचेच धरले.

फ्लॉपी घातली. प्रोग्राम थोडा पुढे गेला आणि ती ओळ आली: परवानगीची वाट पाहत आहे. हिरवा चौकोन उघडझाप करू लागला. मी साहेबांकडे बघितलं. ते माझ्या बाजूला उभे होते, हातात प्रसादाचं ताट, चष्मा काढून खिशात ठेवलेला, कारण धुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते. ते पडद्याकडे बघत नव्हते. काचेकडेही नाही. बाहेरच्या उन्हाकडे बघत होते.

पडद्यावर उमटलं: काहून.

मी आनंदाने मान वर केली. आला बेटा! आत कोणी नव्हतं. खुर्ची तशीच. फडकं तसंच.

माणूस घाबरतो तेव्हा सवयीचं काम करतो. मी टाइप केलं: साहेबांनी सांगितलं. चौकोन बराच वेळ उघडत मिटत राहिला. मी फडक्यावरची नजर काढली नाही. ते हललं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि पडद्यावर दुसरी ओळ आली: मेश्राम कुठे आहे.

हा प्रश्न मेश्राम कसा विचारेल? आणि ‘कुठे’? आमच्या मेश्रामच्या तोंडी आयुष्यात ‘कुठे’ आलं नसेल, तो ‘कुठी’ म्हणायचा. मी काही बोललो नाही, वाचून दाखवलं नाही. माझ्या बाजूला उभे असलेले देशकर साहेब, उन्हाकडे बघत, म्हणाले:

“सांगा ना. दीक्षाभूमीवर आहे.”

मी टाइप केलं. लगेच आलं: हो. प्रोग्राम बसत गेला, आकडे पळत गेले. काम झाल्यावर साहेबांनी प्रसाद दिला, आपट्याचं पान दिलं, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा,” म्हणाले. आणि कोपऱ्यातल्या कोल्हापुरी चपला पायात घालून निघाले. मी दाराकडे बघितलं. बूट नव्हते. माळ कुलपावर तशीच, आपट्याचं एक पानही खाली पडलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरी आलो आणि बायको म्हणाली, “काय झालं? तोंड असं काहून?” मी तिच्यावर खेकसलो.

पुढचं थोडक्यात. हंगाम सुरू झाला, वजनं कमी भरायला लागली. एका ट्रकवाल्याने दुसऱ्या काट्यावर वजन करून आणलं आणि आवारात गोंधळ घातला. गिरणीच्या मालकांनी चौकशी लावली. साहेबांनी शांतपणे सांगितलं, प्रोग्राम प्रशासकाच्या परवानगीशिवाय बसत नाही, परवानगी मेश्रामच्या कळफलकावरून गेली आहे, यंत्राला विचारा. यंत्राला विचारलं. यंत्राने मेश्रामचं नाव सांगितलं. यंत्र खोटं बोलत नाही, हे तेव्हाच्या शिकल्यासवरल्या माणसांचं नवीन खूळ होतं.

मी स्वतः होऊन चौकशीत गेलो. सगळं सांगितलं. एका मालकाने विचारलं, “आत कोण होतं?” मी म्हटलं, “कोणी नव्हतं.” तो म्हणाला, “म्हणजे भूत?” सगळे हसले. मी टेबलावर मूठ आपटली. “भुताले चष्मा लागत नाही! साहेबांले लागते. चष्मा खिशात होता, नजर बाहेर उन्हाकडं होती, मग प्रश्न काय आला हे ह्यांले कसं समजलं?” देशकर साहेब म्हणाले, “मधुकररावांनीच मोठ्याने वाचला.” मी वाचला नव्हता. पण माझ्या आरडाओरड्यापुढे त्यांचा हळू आवाज जास्त खरा वाटला. माझ्या तापट स्वभावाचा तोटा मला धंद्यात कधी झाला नाही. तिथे झाला.

मेश्रामला काढून टाकलं. कारण असं लिहिलं की दुसरीकडे कोणी उभं करेना.

त्यानंतर तो एकदा सायकलने माझ्या दुकानात आला. इस्त्रीचाच शर्ट. जिना चढून आला आणि उभाच राहिला.

“मधुभाऊ, खरं सांगा. खुर्चीत कोण होतं?”

“कोणी नव्हतं गा.”

“मग मले काहून काढलं?”

मी शिव्या दिल्या. देशकरला, मालकांना, यंत्राला. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या आणि मग अगदी हळू म्हणाला, “एक सांगू का? कोणाले सांगू नका. त्या दिवशी टाकीजवळ मी पाणी देऊन राहिलो होतो. गर्दी अशी, की हातच दिसत होते, तोंडं नाही. मागून कोणीतरी मले काहीतरी विचारलं. मले ऐकू आलं नाही. पण मी ‘हो’ म्हटलं.”

“अरे, कोणी विचारलं असंल, पाणी आहे का म्हणून!”

“असंल. पण मी मागं पाहिलं तं मागं कोणीच नव्हतं. मी भिताडाले टेकून उभा होतो.” मग म्हणाला, “मधुभाऊ, मी ‘हो’ कधी म्हणतो का?”

त्याच्या नोकरीचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. नोकऱ्या मी लोकांना लावून दिल्या आहेत, त्यालाही दिली असती, माझ्याच दुकानात. मी म्हटलंही. त्याने मान हलवली. “परवानगीचं काम आता माझ्यानं होत नाही. मीच देऊन बसलो असंल तं?” ज्या माणसाने आयुष्यात कारण विचारल्याशिवाय काही होऊ दिलं नाही, त्याला आता स्वतःच्या तोंडाचा भरवसा राहिला नव्हता. देशकरांनी नेलं ते हे.

थोड्या दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या मालकांच्या आणखी गिरण्या होत्या, त्या सगळ्यांचं संगणकांचं काम माझ्याकडे देतो म्हणाले. बदल्यात मी गावभर बोलणं बंद करावं. मी भाव करणारा माणूस आहे. मी म्हटलं, “काम नको. तोंडही बंद ठेवतो. माझा भाव एकच. तो ‘हो’ कोणी टाइप केला ते सांगा. मले नाही, मेश्रामले.”

साहेब कप खाली ठेवत म्हणाले, “आत कोणी नव्हतं, असं तुम्हीच सांगितलंत ना, मधुकरराव?”

चहाचा कप मी भिंतीवर फेकला. शिपाई धावत आला. मला बाहेर काढेपर्यंत मी काचेच्या खोलीकडे बघून घेतलं. मेश्रामच्या जागी नवीन माणूस होता. तो उभ्याने टाइप करत होता. खुर्ची नव्हती. मी शिपायाला विचारलं, खुर्ची कुठी गेली? तो माझा दंड सोडून म्हणाला, “साहेबानं काढायले लावली. जास्त इचारू नका, भाऊ.”

ज्याने फसवलं त्याने ती खुर्ची का काढावी? मी पुढे कितीतरी यंत्रं उघडली, कितीतरी तारा शोधल्या. मुख्य कळफलकाची तार चोरून दुसरीकडे नेता येते का, हे मी करून बघितलं आहे. येते. कुठल्या तरी बंद खोलीत एखादा माणूस बसवून, त्याला काय विचारायचं ते आधी पढवून ठेवता येतं. मी तसंच झालं असं मानतो. दिवसा मानतो. पण त्या गिरणीत तशी तार मला सापडली नाही, आणि ते बूट कोणाचे ते कोणी सांगितलं नाही.

गिरणी आता नाही. देशकर साहेब आहेत. नागपुरातच आहेत, सभा-समारंभांना जातात, व्यवहारातल्या सचोटीवर भाषणं देतात, आणि दिवाळी अंक हौसेने वाचतात असं मला खात्रीने कळलं आहे. म्हणून इथे लिहिलं.

साहेब, मी कोर्टात जाणार नाही. तेवढं वय तुमचंही राहिलं नाही, माझंही नाही. मला काही सांगू नका, माझ्याकडे येऊही नका. मेश्राम हुडकेश्वरला मुलाकडे राहतो. सून पाणी देऊ का म्हणून विचारते तेव्हा तो उत्तर द्यायच्या आधी घाबरून मागे बघतो, हे मी स्वतः पाहून आलोय. तुम्ही त्याच्याकडे जा. त्याच्यासमोर बसा. त्या दिवशी तुम्ही कोणाला बसवलं होतं त्याचं नाव सांगा, आणि कोणालाच बसवलं नसेल, पडद्याकडे न बघता तुम्हाला तो प्रश्न कुठून ऐकू आला हे तुम्हालाही माहीत नसेल, तर तेही त्याच्या तोंडावर सांगा. पण तो ‘हो’ मेश्रामचा नव्हता, एवढं तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या. त्याचे कान चालतात तोवर जा.